तुमचा दगड जागेवर हाय काय?

राळेगाव, मंगळवार

चि. दिपाली,

नानाजी मामाचा तुह्या दोन्ही पायाले नमस्कार, अन् डोक्यावर हात ठेवून अनेक आशीर्वाद. (वयानं मी मोठा म्हणून आशीर्वाद माहे, अन् तू भाची म्हणून पाय तुहे. आपल्या इकडे हे असंच चालते, तुह्या नागपूरच्या ऑफिसातल्या पोट्ट्यायले समजावून सांगायच्या भानगडीत पडू नको.) तिकडे तुही तब्येत बरी असेल, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान धरते म्हणत होती ती सुटली असेल, जेवण वेळेवर होत असेल, असं समजून चालतो. विमलताईचा, म्हणजे तुह्या आईचा, उमरखेडहून फोन आलता, तिचे गुडघे अजून कुरकुर करून राह्यले. इकडे तुही मामी ठणठणीत हाय, माही शुगर काबूत हाय. बाकी कायकाय काबूत नाही ते खाली येतेच.

पत्र कायले लिहिलं म्हणून वैतागू नको. व्हॉट्सॲपवर मी जे काही लिहितो त्याच्याखाली दोन निळ्या खुणा येतात अन् तू गप बसते. कागदाचं तसं नसते. कागद आला की माणूस वाचते, घडी घालून ठेवते, अन् उद्या 'मले कोणी सांगतलंच नाही' म्हणायची सोय राहत नाही. चौतीस वर्षं सरकारी मोजणीच्या खात्यात काढली, कागदाशिवाय मी कोणाले काही सांगतलं नाही अन् कोणाचं ऐकलं नाही. तर आता नीट बस अन् पुरं वाच. सगळा तालुका मले एकच सांगून राह्यला की मामा, तो व्हिडिओ काढून टाका. मी काढत नाही. काढणार नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत तुले धाकधूक नको.

आता सुरुवातीपासून सांगतो, कारण यात अर्धा हात तुहा हाय. रिटायर झाल्यावर मी एसटी स्टँडसमोर 'ढुमणे जमीन मोजणी व सल्ला केंद्र' टाकलं तेव्हा वाटलं होतं की लोकं रांगा लावतील. रांग लागली, पण ती बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे. माह्याकडे लोकं येत, पंख्याखाली बसत, बस कव्हा लागते ते विचारत अन् जात. तू दिवाळीत आली, दुकान पाहिलं, अन् म्हणाली की मामा, तुम्ही मोबाईलवर दिसत नाही म्हणून तुम्ही लोकायसाठी हायच नाही. मले राग आला. साडेपाच फूट माणूस खुर्चीत बसला हाय अन् पोट्टी म्हणते तुम्ही नाही! पण जिच्या पाया पडतो त्या भाचीले उलटं कसं बोलायचं, म्हणून गप राह्यलो, अन् तू मले फेसबुक अन् इन्स्टाग्रामचं खातं उघडून दिलं.

मग मी रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायले लागलो, खाली 'सुप्रभात, ढुमणे मोजणी'. आठ दिवसांनी तुहा फोन. असली झणझणीत बोलली की चहा थंडा झाला. म्हणे, या फुलाचा मोजणीशी काय संबंध? म्हणे, धंद्यासाठी काहीही टाकायचं तर त्याले उद्देश पायजे, ज्याले जमिनीची अडचण हाय त्याले त्यातून काहीतरी हाती लागलं पायजे, तव्हाच तो तुमच्यावर विश्वास ठेवेल. अन् तू तो तक्ता पाठवला. वार, विषय, अन् शेवटचा रकाना उद्देश. मी आधी टाकलेल्या आठ फुलायचा पण तक्ता भरून तुले पाठवला होता. (उद्देशाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं होतं: 'फूल चांगलं होतं.' त्याच्यावर तू जे हसणारं तोंड पाठवलं ते मी अजून विसरलो नाही.)

पण तक्ता माणसाले विचार करायले लावते, हे मान्य करतो. मी ठरवलं की आपलं काम दाखवायचं. मोबाईल एका खुंटीले सुतळीनं बांधला अन् एका वावरात मोजणी करतानाचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. नऊ वेळा पाहिला गेला, त्यातले सहा वेळा तुही मामीच होती, तिले मागं दिसणाऱ्या बैलजोडीत रस होता. तू म्हणाली, मामा, तुम्ही अकरा मिनिटं एक शब्द बोलले नाही! आता बाई, हे तुले समजावून सांगायलेच पायजे. मोजणीवाला बोलत नसते. दोन बाजू धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरायच्या मधल्या बांधावर, उभ्या असतात, इकडले चार अन् तिकडले चार, हातात काठ्या नसतात पण डोळ्यात असतात, अन् मोजणीवाला मध्ये टेप धरून उभा. त्या वेळी तोंडातून नुसता 'हं' निघाला तरी एका बाजूले वाटते आपण जिंकलो. म्हणून माहा नियम होता: मोजायचं, वहीत लिहायचं, घडी घालायची, अन् आकडा दोघायसमोर कागदावरच सांगायचा. अन् कोणत्याच बाजूचा चहा प्यायचा नाही. माहा थर्मास चौतीस वर्षं माह्या खांद्यावर होता. तालुक्यात लोकं मले ढुमणे साहेब कमी अन् थर्मासवाले जास्त म्हणत.

तर तू म्हणाली की बोला, लोकायले शिकवा, एक अडचण घ्या अन् ती फुकटात सोडवून दाखवा. मी म्हटलं, ठीक हाय. आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण कोणती? शेजाऱ्यानं धुरा कोरला काय, ही. अन् त्यावर लोकं काय करतात? वर्षानुवर्षं अंदाज करतात. बांधावर बसून, पानठेल्यावर बसून, लग्नाच्या पंगतीत बसून अंदाज करतात. अन् अंदाज हा शब्द माह्यापुढे काढायचा नाही हे तुले माहीत हाय; तुह्या मामीले भाजीत मीठ अंदाजानं टाकायची पण मी मोठ्या मुश्किलीनं परवानगी दिली. म्हणून व्हिडिओचं नाव ठेवलं 'तुमचा दगड जागेवर हाय काय?' उद्देशाच्या रकान्यात लिहिलं: 'लोकायचा अंदाज बंद करणे.' हे वाचून तू मले अंगठा पाठवला होता. तो अंगठा मी पुरावा म्हणून जपून ठेवला हाय.

मागच्याच्या मागच्या रविवारी सकाळी ऊन चांगलं होतं. मी रस्त्याच्या कडेचं एक वावर पाहिलं, पुलियाजवळ हद्दीचा जुना पक्का दगड, अन् तिथून सरळ रेषेत दुसरा दगड दिसत होता. मोटारपंपाचा आवाज नाही, कुत्रं नाही. नकाशाची प्रत माह्याकडे होतीच. बोलायले सुरुवात केली अन् बाई, काय सांगू! चौतीस वर्षं दाबून ठेवलेलं तोंड, धरणाचं दार उघडावं तसं सुटलं. मी सांगतलं की भाऊ हो, नकाशावर दोन दगडायमधलं अंतर लिहिलेलं असते, तुम्ही फक्त टेप लावा, जुळलं तर शेजाऱ्याले चहाले बोलवा, नाही जुळलं तर भांडू नका, सरकारी मोजणीचा अर्ज करा, कारण खासगी टेपले कोर्टात किंमत नाही. किती मुद्देसूद बोललो! मग मी टेप लावत लावत चाललो. नकाशात चारशे दहा फूट. टेपवर चारशे सतरा. अन् तिथं माहा नियम तुटला. मी मोबाईलकडे पाहून आनंदानं ओरडलो की पाहा, सात फूट! हा दगड सात फूट चालला हाय मायबाप, याले पाय फुटले!

धडा इतका झकास जमला होता की वावर कोणाचं हे माह्या डोक्यातच आलं नाही. ते इंद्रजितचं निघालं. इंद्रजित म्हणजे तोच, ज्याच्या वाढदिवसाचा फलक एसटी स्टँडवर वर्षभर राहते. अन् सात फूट ज्याच्यातले गेले ते शेजारचं वावर रूपसिंगचं. रूपसिंग गरीब, बोलायले लाजणारा माणूस. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ चाळीस हजार लोकायनं पाहिला होता. (मामीले पुन्हा सहा वेळा पाहायची गरजच पडली नाही.)

सोमवारी मी दुकान उघडलं तर बाहेर एकोणीस माणसं. पंख्यासाठी नाही, बससाठी नाही, नकाशा घेऊन! गफ्फारभाईचं हार्डवेअरचं दुकान तुले माहीत हाय, तो धावत आला अन् म्हणाला की मामू, मेरे सारे टेप खतम हो गये, नागपूरसे मंगाया है, आप अगला व्हिडिओ जरा कल डालना. पंचक्रोशीत जो तो टेप घेऊन धुऱ्यावर. एका गावात तर सख्ख्या भावायनं टेप लावला, जुळलं, अन् दोघं बारा वर्षांनी एका ताटात जेवले. तो माणूस स्वतः पेढे घेऊन आला, मी थर्मासच्या नियमानं खाल्ला नाही, घरी नेऊन मामीले दिला. सांग, याच्यापेक्षा मोठा उद्देश तुह्या कोणत्या तक्त्यात हाय? अन् रूपसिंग आला. बसला. मग म्हणाला, साहेब, मले नऊ वर्षांपासून माहीत होतं, पण मी सांगतलं असतं तर लोकं म्हणले असते की हा जळतो. तुम्ही आकडा बोलले. एवढंच म्हणून गेला, त्याचे डोळे भरून आलते.

त्याच्या मागोमाग इंद्रजित. पहिल्या दिवशी गोड. काका, तुमचं ज्ञान फार मोठं, पण त्या व्हिडिओत आवाज साफ नाही, काढून टाका अन् नवा बनवा, मी माहं दुसरं वावर देतो. दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन आला, अन् म्हणाला की तुम्ही परवानगी न घेता माह्या वावरात शिरले. मी म्हटलं, मी रस्त्यावर उभा होतो, सरकारी रस्ता किती फुटाचा हाय ते मोजून दाखवू काय? तिसऱ्या दिवशी त्यानं आपल्या नात्यातलं कोणी सोडलं नाही. तुह्या मामीच्या भावाले पण फोन केला. सगळ्यायचं एकच, काढून टाका, काढून टाका. उमरखेडहून विमलताईचा पण फोन त्याचसाठी होता, गुडघ्याचं मागून निघालं. ताई म्हणाली, नानाजी, चार-सात फुटासाठी माणसं कायले तोडतो? गेलं तर गेलं. माहा तोल गेला. मोठी बहीण हाय तरी मी तिले म्हटलं की ताई, तुह्या वावरातले गेले असते तर तुले समजलं असतं! ताई म्हणाली, जेवला काय?

शेवटी इंद्रजित पुन्हा दुकानात आला, अन् जाताना दारात उभा राहून म्हणाला की काका, दुसऱ्यायचे दगड पाहता, येत्या रविवारी तुमच्या वावरात टेप घेऊन येतो, मोबाईल पण आणतो. मी खुर्चीतून उठलो. पूर्ण एसटी स्टँडले ऐकू जाईल असा बोललो, की ये! एक नाही, दहा टेप आण! गफ्फारभाईकडे नवे आले हायत, तिथून घे! ढुमण्याच्या वावरात दगड चालत नाही! लोकायनं टाळ्या वाजवल्या. झेरॉक्सवाल्यानं त्याचा पण व्हिडिओ काढला, तो पण चालून राह्यला.

तर दिपाली, व्हिडिओ राहील. नात्यातले रुसले तर रुसू दे, वाढदिवसाच्या फलकावर माहं नाव नाही छापलं तर नाही छापलं. आयुष्यभर मी गप राह्यलो अन् लोकायले वाटलं की खरं बोलणं म्हणजे काठी उचलणं. आता मले तोंड फुटलं हाय अन् ते तूच फोडलं. तुह्या आईले सांग की गुडघ्याले रोज तेल लावत जा. तुले वेळ मिळाला की दोन ओळी लिही, निळ्या खुणा नको.

तुहा पक्का,
नानाजी मामा

ता. क. – मोबाईल धरायचा तो तीन पायाचा स्टँड अन् शर्टाले लावायचा छोटा माइक पाठव. सुतळीनं बांधलेला मोबाईल वाऱ्यानं हलते, अन् लोकं खाली लिहितात की मामा, तुमचं वावर काहून डुलून राह्यलं.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवलं होतं, ते उकलून हे लिहितो. आज बुधवार हाय. काल जेवताना तुह्या मामीनं ताटावरून नजर न उचलता विचारलं की आपला मोजला काय? मी म्हटलं, मोजायचं काय त्याच्यात, मोजणीवाल्याचं वावर हाय. ती म्हणाली, हो, पण मोजला काय? मले हसू आलं. आज सकाळी दोघं गेलो, तिनं टेपचं एक टोक धरलं. नाल्याकडच्या दगडापासून धुऱ्यापर्यंत नकाशात दोनशे चौसष्ट फूट. मामी म्हणाली, दोनशे अडुसष्ट अन् सहा इंच. मी म्हटलं, नीट पाहा. तिनं नीट पाहिलं. मी म्हटलं, टेप खराब हाय. घरी जाऊन पेटीतली माही मोजणीची जुनी साखळी काढली, जिच्यावर मी स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. साखळीनं पण तेच सांगतलं. साडेचार फूट आम्ही तिकडे हाव. अन् तिकडे कोणाचं वावर हाय ते तुले सांगायची गरज नाही. आमच्या बाबानं विमलताईले दिलेले तीन एकर तिथंच लागून हायत.

मी धुऱ्यावरच बसलो. मग आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या फाळाले लागून तो दगड उखडला होता. मी तव्हा मोजणीवरून थकून घरी आलतो, साखळी पेटीत होती, अन् मी तो दगड उचलून परत बसवला. अंदाजानं. दिपाली, मी! कापसाच्या पऱ्हाटीची एक पूर्ण ओळ, दरवर्षी, सव्वीस वर्षं, तुह्या आईच्या वावरातली. अन् दर दिवाळीले तुही आई आली की मी तिले साडी देतो, अन् तुह्या पाया पडतो, अन् भल्ला मोठा मामा म्हणून मिरवतो. परवा तिलेच म्हटलं, तुह्या वावरातले गेले असते तर समजलं असतं. तिले माहीत होतं काय गं? जेवला काय म्हणाली ती.

मामी म्हणाली की रविवारी इंद्रजित यायच्या आधी लोखंडी सब्बल घ्या अन् दगड मागं सरकवून टाका. ताईचं ताईले मिळते, तुमची इज्जत राहते, कोणाले कळत नाही. बोलणं बरोबर हाय तिचं. मी सब्बल खांद्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत गेलो पण. परत आलो. लपून सरकवलेला दगड मागं नेला तरी लपूनच सरकवलेला असते, अन् तसा दगड मी रूपसिंगच्या वावरात सगळ्या तालुक्याले दाखवून बसलो हाय. म्हणून दगड जिथं हाय तिथंच राहील, रविवारपर्यंत.

ता. क. शेवटचा – स्टँड अन् माइक पाठवू नको, घेऊन ये. रविवारी सकाळी आठ वाजता, माह्या धुऱ्यावर. इंद्रजितले मी फोन करून सांगतलं की टेपचं एक टोक तूच धर, आकडा पण तूच बोल, अन् मोठ्यानं बोल. तो 'काका, तब्येत बरी हाय ना' म्हणून विचारत होता. तक्त्यात या व्हिडिओचा उद्देशाचा रकाना मी कोरा सोडला हाय, मले लिहिता आला नाही. विमलताईले शनिवारच्या गाडीनं यवतमाळले उतरू दे, तिथून मी तिले घेऊन येतो. पण साडेचार फुटाचं तिले आधी तू सांग. चाळीस हजार लोकायपुढे बोललो मी, तिच्यापुढे तोंड उघडत नाही.

दगड मागं नेऊन बसवला की त्याच धुऱ्यावर तुही आई चहा करेल, मी थर्मास घरीच ठेवून येतो. अन् त्याच्या आधी मी तुह्या पाया पडीन. तेवढ्या वेळात मोबाईल बंद ठेव माय. ते लोकायसाठी नाही.